रोलर कोस्टर: चढण एकदाच, पुढे सगळा हिशेब उंचीचा

रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. एवढी एक गोष्ट पक्की धरली की त्याच्या रुळांचे आकार, त्यातले बिघाड आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्या शब्दाची होणारी ओढाताण, सगळंच समजायला सोपं जातं.

गाडी फलाटावरून निघते, पहिल्या टेकाडाच्या पायथ्याशी एक साखळी तिला खालून पकडते आणि माथ्यापर्यंत ओढून नेऊन सोडते. तिथून पुन्हा फलाटाजवळ येईपर्यंत तिला कुणी ढकलत नाही की ओढत नाही. उतरताना उंचीचा वेग होतो, चढताना वेगाची पुन्हा उंची होते. या प्रत्येक अदलाबदलीत थोडी ऊर्जा चाकांच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात जाते, ती परत येत नाही. म्हणून पुढचं कुठलंही टेकाड पहिल्याइतकं उंच ठेवता येत नाही, आणि शेवटाकडे तर वळणंही जमिनीलगत येतात. इंग्रजीत ‘कोस्ट’ करणं म्हणजे उड्डाणपूल उतरताना पेट्रोल वाचवायला मोटरसायकल न्यूट्रलवर सोडतात, तसं जोर न लावता घरंगळत जाणं. नावातला कोस्टर तो हाच.

मग नागपूरकडे ताजबागच्या उर्सात किंवा कोराडीच्या नवरात्र यात्रेत लहान मुलं ज्यात बसतात, ती ड्रॅगनच्या तोंडाची गाडी? दिसायला ती रोलर कोस्टरच, पण तिच्या डब्याखाली विजेची मोटर असते आणि रुळाच्या कडेने गेलेल्या पट्टीतून तिला सतत वीज मिळत राहते. ओळखायची खूण सोपी आहे: गाडी चढावरही तेवढ्याच वेगाने जात असेल आणि न थांबता तोच वेढा तीन-चार वेळा मारत असेल, तर ती मोटरची गाडी. खरा रोलर कोस्टर दर फेरीला साखळीपाशी परत येतोच.

याला एक अपवाद आहे. काही नव्या रोलर कोस्टरांत साखळीऐवजी गाडी सपाट रुळावरच चुंबकीय मोटरने किंवा हायड्रॉलिक यंत्राने भिरकावतात. अबू धाबीतला २०१० साली सुरू झालेला फॉर्म्युला रोसा असाच, सुमारे पाच सेकंदांत ताशी २४० किलोमीटर. वाऱ्यातली वाळू डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिथे बसणाऱ्यांना गॉगल देतात. इथे आधी उंची देण्याऐवजी आधी वेग दिला जातो, पुढचा हिशेब तोच.

वेग, वजन आणि वीज

टेकाड ३० मीटरचं धरू, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीएवढं. सूत्र शाळेतलंच आहे: वेगाचा वर्ग बरोबर २ गुणिले ९.८ गुणिले उंची. उत्तर येतं सेकंदाला सुमारे २४ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटर. या सूत्रात वजन कुठेच नाही, म्हणजे कागदावर भरलेली आणि रिकामी गाडी सारख्याच वेगाने उतरतात. प्रत्यक्षात भरलेली गाडी थोडी जोरात जाते, कारण वजन वाढलं तरी हवेचा विरोध जवळपास तेवढाच राहतो. सकाळी रिकामी सोडलेली चाचणीची गाडी ज्या टेकाडावर अडखळते, ते टेकाड दुपारची भरलेली गाडी सहज ओलांडते. हा मुद्दा पुढे एका मोठ्या अपघातात येणार आहे.

विजेचा हिशेब तर अनेकांना खोटा वाटेल. ६ टनांची भरलेली गाडी ३० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा सुमारे अर्धा युनिट भरते. मोटर आणि साखळीतलं नुकसान धरलं तर थोडी जास्त. पण हा अर्धा युनिट अर्ध्या मिनिटात द्यायचा असतो, म्हणून मोटर मात्र ६० किलोवॅटच्या वरची, म्हणजे ऐंशी अश्वशक्तीहून मोठी लागते.

चढताना खालून जो कट्-कट् आवाज येतो, तो साखळीचा नसतो. गाडीच्या तळाशी एक लोखंडी जीभ असते आणि रुळांच्या मधोमध करवतीसारख्या दातांची पट्टी. जीभ एकेका दातावरून उडी मारून पुढे पडते. साखळी तुटली तर ही जीभ मागच्या दातात अडकते आणि गाडी जागीच थांबते. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये ३० मे १९७२ रोजी गाडी ओढणाऱ्या दोरापासून सुटली, मागे घसरणं रोखणारी यंत्रणाही कामी आली नाही, आणि पाच मुलांचा जीव गेला. उंच पाळण्यात उलटं टांगलेलं पाहून लोकांच्या छातीत धस्स होतं, पण जाणकाराचं लक्ष त्या संथ चढणीवर जास्त असतं.

चाकं तीन बाजूंना

डब्याच्या प्रत्येक कोपऱ्यात तीन प्रकारची चाकं असतात. वरची चाकं वजन पेलतात, बाजूची गाडीला वळणावर रुळात ठेवतात आणि रुळाच्या खालून लावलेली चाकं गाडीला वर उचलू देत नाहीत. तिसऱ्या प्रकाराचं पेटंट अमेरिकेतल्या जॉन मिलर यांना १९१९ मध्ये मिळालं. त्याआधी गाडी रुळावर टिकायची ती मुख्यतः स्वतःच्या वजनावर, त्यामुळे उतार बेतानेच ठेवावे लागत. खालून पकड मिळाली आणि पुढच्या दहा वर्षांत उतार एकदम खडे झाले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा ‘सायक्लोन’ हा लाकडी रोलर कोस्टर १९२७ चा, आजही चालतो.

चाकाचा गाभा धातूचा आणि वर पॉलियुरेथेनचा थर असतो. थर मऊ ठेवला तर गाडी शांत आणि गुळगुळीत चालते, पण ऊर्जा जास्त खाते. कडक नायलॉनची चाकं दूर पळतात, मात्र बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करतात. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी दोन्ही जातींची चाकं हाताशी ठेवून हवामान पाहून बदलतात.

पोटात खड्डा का पडतो

शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. आपल्याला जाणवणारं वजन म्हणजे खुर्ची आपल्याला किती दाबते आहे ते. दरीत गाडी वर वळते तेव्हा खुर्चीला आपल्याला वरच्या दिशेने वळवावं लागतं, म्हणून दाब वाढतो. वर काढलेला २४ चा वेग घेऊ आणि दरीच्या वळणाची त्रिज्या २० मीटर धरू. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे सुमारे २९, गुरुत्वाच्या जवळपास तिप्पट. त्यात आपलं नेहमीचं एक पट मिळवलं की झाले चार ‘जी’. साठ किलोच्या माणसाला क्षणभर स्वतःचं वजन दोनशे चाळीस किलो वाटतं. रक्त पायांकडे उतरतं, आणि हे काही सेकंद टिकलं तर डोळ्यांपुढे करडं होऊ लागतं. म्हणून असे दाब क्षणापुरतेच ठेवतात.

माथ्यावर याच्या उलट. वेग सेकंदाला १२ मीटर आणि माथ्याची त्रिज्या १५ मीटर असली तर गणित ९.६ वर येतं, म्हणजे खुर्ची आपल्याला जवळजवळ दाबतच नाही. पोटातले अवयवही तेवढ्यापुरते अधांतरी होतात, तोच तो खड्डा. वेग १४ केला की आपण खुर्चीवरून उचललेच जातो आणि मांडीवरचा दांडा आपल्याला खाली धरून ठेवतो. दांडा पोटावर नव्हे, मांडीच्या सांध्याशी बसायला हवा तो यासाठी.

कुठे बसावं? गाडीचा वेग तिच्या मधल्या भागाच्या उंचीवर ठरतो. पहिला डबा माथा ओलांडतो तेव्हा गाडी संथ असते, तो कड्यावर लोंबकळतो आणि समोरचं सगळं दिसतं. शेवटचा डबा माथ्यावर येईस्तोवर पुढची गाडी खाली सुटलेली असते, म्हणून तो हिसक्याने ओढला जातो. पोटातला खड्डा हवा असेल तर मागे, भीती वाटत असेल तर मधोमध.

लूप गोल का नसतो

शुद्ध वर्तुळाच्या लूपमध्ये माथ्यावर गाडी जेमतेम टिकेल एवढा वेग ठेवला, तरी तळाशी सहा ‘जी’ येतात. माथ्यावर वेगाचा वर्ग त्रिज्या गुणिले गुरुत्वाएवढा लागतो. खाली उतरेपर्यंत तो पाचपट होतो, त्यात आपलं एक वजन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत असे गोल लूप बांधून पाहिले आणि लोकांच्या माना अवघडल्या. तोडगा असा की तळाशी वळण मोठं आणि माथ्याकडे आवळत नेलेलं ठेवायचं, म्हणजे वेग जास्त तिथे त्रिज्या जास्त. पाण्याच्या थेंबासारखा हा आकार जर्मन अभियंता व्हेर्नर श्टेंगल यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रोलर कोस्टरमध्ये वापरला, तेव्हापासून लूप रुळले. त्याच्या आधी १९५९ मध्ये डिस्नीलँडच्या मॅटरहॉर्नवर पोलादी नळीचा रूळ आला होता. लाकडी सांगाड्यावरच्या पट्टीला असं पिळणं कठीण, नळी हवी तशी वाकते.

ब्रेक, ब्लॉक आणि माणूस

ब्रेक गाडीत नसतात, रुळावर असतात. डब्याच्या तळाला एक उभी धातूची पट्टी असते, ती रुळावरच्या चिमट्यातून जाते. हे चिमटे स्प्रिंगने किंवा साठवलेल्या दाबाने आपोआप मिटलेले राहतात, त्यांना उघडायला जोर लावावा लागतो. वीज गेली, नळी फुटली, तर ते मिटतात. नव्या गाड्यांत कायम चुंबकांचे ब्रेक असतात. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चुंबकांमधून जाताना तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि तेच तिला अडवतात. घासणं नाही, झीज नाही, पावसात घसरणं नाही. एकच उणीव: वेग कमी झाला की अडवणंही कमी होतं, त्यामुळे हे ब्रेक गाडी पूर्ण थांबवू शकत नाहीत. शेवटच्या थांब्याला घर्षणाचे ब्रेक किंवा रबरी चाकं लागतातच.

एका रुळावर दोन-तीन गाड्या धावतात तेव्हा त्या एकमेकींवर का आदळत नाहीत? उत्तर नागपूरकरांना नवं नाही. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या शहराला ब्लॉक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. रोलर कोस्टरने ही पद्धत रेल्वेकडूनच घेतली. रुळाचे भाग पाडायचे, एका भागात एकच गाडी. पुढचा भाग मोकळा झाल्याचं सेन्सरने सांगितल्याशिवाय मागच्या गाडीला सोडायचं नाही. भाग कुठेही पाडता येत नाही, त्याच्या शेवटी गाडी थांबवायची सोय हवी: फलाट, साखळीची चढण, मधले ब्रेक, शेवटचे ब्रेक. आणि भाग गाड्यांपेक्षा किमान एकाने जास्त हवेत, नाहीतर सगळं जाम होतं.

यंत्रणा गाडी अडवून धरते तेव्हा खरी कसोटी माणसाची असते. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स इथे २ जून २०१५ रोजी ‘द स्मायलर’वर रिकामी चाचणीची गाडी माथा पार न करता आल्यामुळे दरीत अडकून पडली. ब्लॉक यंत्रणेने मागच्या भरलेल्या गाडीला रोखलं. तंत्रज्ञांना अडकलेली गाडी दिसली नाही, त्यांना वाटलं संगणक उगाच अडवतो आहे, आणि त्यांनी त्याला बाजूला सारून गाडी सोडली. धडकेत दोन तरुणींना पाय गमवावा लागला. कंपनीला पुढच्या वर्षी ५० लाख पौंडांचा दंड झाला. सेन्सरने बरोबर सांगितलं होतं, ते रुळावर डोळ्यांनी पडताळून पाहिलं गेलं नाही. राइड थांबली की माणसं ‘चालू करा की’ म्हणून ओरडतात, त्या दबावाखाली घाई न करणारा ऑपरेटर हाच चांगला ऑपरेटर.

नागपूरचं ऊन, नागपूरची माती

पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे एक लाखांश आणि थोडं वर पसरतं. हिवाळ्यातल्या पहाटे १० अंशांवर असलेला रूळ मे महिन्याच्या दुपारी उन्हात ६० अंशांपर्यंत तापला, तर १०० मीटरमागे तो ६० मिलिमीटर लांबतो. वळणावळणाचा रूळ हे थोडं फुगून जिरवतो, सरळ चढणीवर मात्र सरकणारे सांधे ठेवावे लागतात. उन्हात बेअरिंगमधलं ग्रीस पातळ होतं, गाडी सकाळपेक्षा जोरात पळते आणि ब्रेकवर जास्त भार येतो. पॉलियुरेथेन फार तापलं तर धातूच्या गाभ्यापासून सुटतं, थराचा तुकडा उडतो. थंडीत उलटं, ग्रीस घट्ट होतं आणि पहिल्या दोन-चार फेऱ्या रखडतात, म्हणून त्या रिकाम्याच सोडतात. बसणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर चार ‘जी’लाही भोवळ येते. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी रांगेत तासभर उभं राहून थेट गाडीत बसणं शहाणपणाचं नाही, आधी पाणी प्या. पोटभर सावजी खाऊन तर नकोच.

काळ्या मातीचा प्रश्न वेगळा. ती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. कायमच्या राइडचे पाये म्हणून खाली मुरूम किंवा खडकापर्यंत न्यावे लागतात. फिरत्या मेळ्यातली राइड मात्र लाकडी ओंडक्यांवर टेकवलेली असते. अवकाळी पाऊस पडून गेला की ओंडके एका बाजूने खचतात, रूळ तिरका होतो, आणि तिरक्या रुळावर बाजूच्या चाकांवर नको तितका जोर येतो. बसण्याआधी दोन मिनिटं बाजूला उभं राहून पाहता येतं: पायांखाली पाणी साचलंय का, ओंडके डगमगतात का, गाडी गेल्यावर खांब हलतो का. बोल्टवर रंगाची एक रेघ ओढलेली असते, ती नटवरून पुढे धातूवर सलग जाते. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. ऑपरेटर प्रत्येक दांडा हाताने ओढून पाहतो की नुसता शिट्टी मारतो, हेही बघा. ओढणी, मोकळे केस, खिशातला मोबाइल हे तिन्ही आवरून बसायचं. उंचीची पट्टी लावलेली असेल तर पोराला चवड्यांवर उभं करून त्यात बसवू नका, कारण दांडा त्याच्या मांडीपर्यंत पोचणार नाही.

थोडा इतिहास, फार नाही

सतराव्या-अठराव्या शतकात रशियात लाकडी उतरणीवर पाणी गोठवून घसरगाड्या चालायच्या. १८१७ मध्ये पॅरिसला चाकं रुळात अडकवलेल्या गाड्या आल्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १८२७ पासून कोळसा डोंगरावरून गुरुत्वाने खाली यायचा, आणि रिकाम्या वाघिणी वर ओढणारी खेचरंही त्याच गाडीत बसून खाली यायची. पुढे माणसंही पैसे देऊन बसू लागली. लामार्कस थॉम्पसन यांनी १८८४ मध्ये कोनी आयलंडला पाच सेंट तिकीट लावून जी गाडी सुरू केली, तिचा वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर होता. सायकलही त्याहून जोरात जाते, तरी रांगा लागल्या. न्यू जर्सीतला ‘किंगडा का’ हा १३९ मीटर उंचीचा रोलर कोस्टर २००५ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये स्फोटकांनी पाडला. त्याची गाडी कधीकधी माथ्यावर न पोचता मागे घरंगळायची, आणि ते गृहीत धरूनच सुटण्याच्या रुळावर ब्रेकच्या पट्ट्या वर येत.

शब्द कुठे बसतो, कुठे नाही

लाक्षणिक अर्थाने रोलर कोस्टर म्हणजे थोड्या काळात पाठोपाठ येणारे तीव्र चढउतार, आणि तेही आत बसलेल्याच्या नजरेतून, ज्याला मध्येच उतरता येत नाही. यातली एकही गोष्ट नसेल तर शब्द वाया जातो. ३ जून २०२४ ला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला, ४ जूनला लोकसभा निकालाच्या दिवशी सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला, ५ जूनला पुन्हा २,३०० ने वर आला. तीन दिवसांत हे झालं, इथे शब्द चपखल आहे. नागपूरच्या जामठा मैदानावर १२ मार्च २०११ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात भारत एक बाद २६७ वरून सर्वबाद २९६ झाला, शेवटचे नऊ गडी २९ धावांत गेले, तरी सामना शेवटच्या षटकापर्यंत रंगला आणि दक्षिण आफ्रिकेने दोन चेंडू राखून जिंकला. तोही रोलर कोस्टर. त्याच मैदानावर २०१६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध १२७ धावांचा पाठलाग करताना भारत ७९ वर गडगडला, ती मात्र सरळ घसरगुंडी.

कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्याचा भाव महिनाभर उतरतच गेला, तर ती घसरण. आठवडाभरात दोनदा पडून दोनदा वर आला, तर रोलर कोस्टर म्हणायला हरकत नाही. गोसीखुर्द धरणाचा खर्च १९८३ साली ३७२ कोटींचा अंदाजला होता आणि पुढे हजारो कोटींवर गेला. त्याला रोलर कोस्टर म्हणता येणार नाही, कारण त्यात उतार आलेलाच नाही.

अनिश्चितता दाखवायलाही हा शब्द सर्रास वापरतात. तिथे जरा थांबावं. खऱ्या रोलर कोस्टरमध्ये एकही गोष्ट अनिश्चित नसते. कुठल्या मीटरवर किती वेग, किती ‘जी’, सगळं आधी मोजलेलं असतं आणि गाडी निघाली त्याच फलाटावर परत येते. पुढे काय होणार हेच ठाऊक नसेल तर ‘बेभरवसा’ किंवा ‘अस्थिर’ हे आपले शब्द जास्त नेमके आहेत.

लिहिताना रोलर कोस्टर पुल्लिंगी: तो रोलर कोस्टर, मोठा रोलर कोस्टर. पुढे ‘राइड’ किंवा ‘सफर’ जोडलं की स्त्रीलिंगी: रोलर कोस्टरची सफर संपली. रूळ, खांब, गाडी हे सगळं मिळून रोलर कोस्टर होतं, म्हणून ‘रोलर कोस्टर उलटला’ अशी बातमी वाचली की नेमकं काय उलटलं, डबा की सांगाडा, हे बातमीदाराने लिहायलाच हवं.